कोशातला पाहुणा

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, पण आज त्यांच्याबरोबर चार कडक शब्दही येणार आहेत, तेव्हा बसून वाच. तीन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. रुसून बसण्यात तू लहानपणापासून पटाईत, आणि मीही काही कमी नाही, म्हणून मीही कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते समेटासाठी नाही. तू अडचणीत आहेस आणि तुला अजून त्याचा पत्ताच नाही.

काल मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तुझं पुस्तक होतं आणि एका पानाला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. चिडले की मालकांचा आवाज खाली जातो, हे तू कोशाच्या कचेरीत होतास तेव्हा पाहिलं आहेस. काल मला पुढे वाकून ऐकावं लागलं. आपल्या कोशातली (आपल्या म्हणजे आमच्या, तू सोडून गेलास हे मी अजून विसरते) एका इंग्रजी शब्दाची जन्मकथा तू उचलून तुझ्या पुस्तकात घातली आहेस, असं त्यांचं म्हणणं. वकीलबाई शेजारीच बसल्या होत्या. तुला नोटीस जाणार आहे, आणि तू चोर आहेस हे सिद्ध करायचं काम मुख्य संपादक म्हणून माझ्याच गळ्यात पडलं आहे.

कोणता शब्द, कोणतं पान, ते मला सांगता येत नाही. तसं वचन दिलं आहे मी. तुझ्याशी बोलायलाही मनाई आहे, म्हणून हे पत्र घरच्या कागदावर. माझं एवढंच ऐक. नोटीस हातात पडायच्या आत प्रकाशकाला सांग आणि पुस्तक बाजारातून मागे घे. बांधणी उसवली म्हण, छपाई बिघडली म्हण, तुला थापा सुचतातच.

पुस्तक मी वाचलंय, बरं का. दुकानातून विकत आणून. 'सिन्सिअर' या शब्दाखाली तू ती मेणाची गोष्ट दिली आहेस, की लबाड शिल्पकार पुतळ्याच्या भेगांत मेण भरायचे आणि ज्यात मेण नाही तो पुतळा सच्चा. ही गोष्ट खोटी आहे हे मी तुला बजावून सांगितलं होतं. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्भेळ. मेणबिण काही नाही. 'पॉश'चं तेच. बोटीवरच्या सावलीच्या बाजूच्या महागड्या खोल्या, त्यांच्या तिकिटांवरच्या चार अक्षरांचा झालेला शब्द, सगळ्या बाता. असं एक तरी तिकीट कुणी पाहिलंय का? पण लोक तुझं पुस्तक वाचून हसतात आणि माझा कोश उशाला घेऊन झोपतात, हे मला दिसतं. परवा बसमध्ये एक बाई तुझं 'मसल' वाचत होती. दंडाची बेटकुळी म्हणजे कातडीखाली पळणारा छोटा उंदीर, हे वाचून ती स्वतःचा दंड वाकवून बघत होती. ते मात्र खरं आहे, आणि छान लिहिलं आहेस.

उत्तर ताबडतोब धाड.

ताई

८ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, एक ओळ. 'मी कुणाचं काही चोरलेलं नाही. कोश तुझा असेल, शब्द सगळ्यांचे आहेत.' वाक्य झकास आहे, तुझ्या रेडिओवरच्या कार्यक्रमात शोभेल. वकीलबाई त्याच्या चिंध्या करतील.

दरम्यान नोटीस तुला मिळाली आहे आणि तुझ्या प्रकाशकानं घाबरून कोर्टाऐवजी मध्यस्थही मान्य केला आहे, असं कचेरीत कळलं. म्हणजे आता पुस्तक मागे घेऊनही उपयोग नाही. म्हणून मी दिलेलं वचन मोडते आहे. हे मला सोपं जात नाही, एवढं लक्षात ठेव.

आमच्या कोशाच्या प्रत्येक आवृत्तीत एक पाहुणा असतो. तुला हे कधी कळलं नाही, कारण ते फक्त मालकांना आणि मुख्य संपादकाला ठाऊक असतं. मालकांच्या वडिलांच्या वेळी कुणीतरी अख्खा कोश उचलून वेगळ्या पुठ्ठ्यात घालून विकला होता. शब्दाचं मूळ तर सगळ्यांना सारखंच, मग चोरी पकडायची कशी? तेव्हापासून एका शब्दाखाली मुद्दाम रचलेली, खोटी जन्मकथा घालतात. खरी माहिती कुणालाही कुठेही मिळू शकते. रचलेली गोष्ट दुसऱ्याच्या पुस्तकात दिसली की ती आमच्याकडूनच गेलेली. सबंध कोशात तेवढं एकच खोटं, आणि ते जाणूनबुजून. तुझ्या पुस्तकात ते पानोपानी आहे आणि अगदी मनापासून.

या आवृत्तीतला पाहुणा 'कॉलीवॉबल्स'.

उघड ते पान. भीतीनं पोटात जी कालवाकालव होते तिला इंग्रजीतला हा गमतीदार शब्द. खरं मूळ कुणालाच नक्की माहीत नाही. पोटशूळ म्हणजे कॉलिक आणि डगमगणं म्हणजे वॉबल, यांची जोडी जमली असावी, असा जाणकारांचा अंदाज. कोशात मात्र मी लिहिलं की कॉली नावाचा जहाजावरचा एक आचारी होता. वादळात त्याचं भलंमोठं पातेलं चुलीवर डुलायचं आणि सगळे खलाशी त्याच्याकडे डोळे लावून बसायचे, कारण पातेलं कलंडलं तर दिवसभर उपाशी. त्या वेळी त्यांच्या पोटात जे व्हायचं ते कॉलीचं वॉबल. तू हेच लिहिलं आहेस, वर तुझं मीठमिरची लावून.

आता जे सांगते ते मालकांनाही माहीत नाही. ही गोष्ट मी रचलेली नाही. ती आईची आहे.

पुढच्या खोलीत आई संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घ्यायची. शब्दांच्या गोष्टी तिच्या तोंडात असायच्या, त्यातल्या काही पुस्तकातल्या आणि काही तिथल्या तिथे जुळवलेल्या. परीक्षेच्या सकाळी मी पोट धरून बसायचे, 'मी जाणार नाही' म्हणून. तेव्हा ही गोष्ट. मोठी झाल्यावर मी ती सगळ्या कोशांत शोधली आणि कुठेच मिळाली नाही, तेव्हा मला कळलं की आईनं ती माझं दप्तर खांद्यावर चढवण्यापुरती रचली होती. या आवृत्तीची पानं छापखान्यात निघाली आणि पाहुणा ठरलेला नव्हता. मालकांना संध्याकाळपर्यंत हवा होता. मला खोटं रचता येत नाही. माझ्या कल्पनेला इस्त्री मारलेली आहे, असं तूच म्हणायचास. मग मी आईची गोष्ट घातली. जगातली पुस्तकं तपासली, फक्त घरातला माणूस तपासायचा राहिला. आई गेली तेव्हा तू जेमतेम पाच वर्षांचा. तुझ्या कानावर ती पडली असेल हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही.

बावीस तारखेला मध्यस्थांपुढे बसायचं आहे. तिथे मला एका निवेदनावर सही करायची आहे, की ही गोष्ट आमच्या कचेरीत, माझ्या टेबलावर तयार झाली आणि त्याआधी कुठेही नव्हती. सही केली की तू चोर. पुस्तक गेलं, रेडिओ गेला, पुन्हा कुणी तुझं एक पानही छापणार नाही. नाही केली तर माझी खुर्ची गेली, आणि खुर्चीपेक्षा जास्त म्हणजे कोश गेला, ज्याच्यात माझं अर्धं आयुष्य आहे.

'डेडलाइन' हा शब्द तुला फार आवडायचा. युद्धकैद्यांच्या छावणीत आखलेली रेघ. ओलांडली की पहारेकरी गोळी घालणार. तू तो सांगताना जमिनीवर खडूनं रेघ ओढायचास आणि सगळी कचेरी हसायची. मला आता हसू येत नाही.

म्हणून सरळ विचारते. गोष्ट आईची असली तरी तू ती कोशातून उचलली असशील, तर तू चोरच आहेस, आणि मी डोळे मिटून सही करीन. आईकडून ऐकली असशील तर ती सही माझ्या हातून होणार नाही. तुला आई ही गोष्ट सांगायची का?

ताई

१३ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही. तुझी बायको मात्र आज येऊन गेली. कचेरीखाली कुलपांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. जिन्यात मालक भेटले तर काय, म्हणून वर यायचा धीर होईना. मी तिला मागच्या गल्लीत नेलं, जिथे रद्दीचा टेम्पो उभा असतो, आणि आम्ही त्याच्या आडोशाला दोन चोरांसारख्या बोललो.

रेडिओवाल्यांनी तुझा कार्यक्रम थांबवला, प्रकाशकानं पुस्तकांचे गठ्ठे दुकानांतून परत मागवले, तू ताटावरून अर्धवट उठतोस, हे सगळं तिच्याकडून कळलं. माझं पत्र तू खिडकीशी उभा राहून वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि तिला दाखवलं नाहीस. मग तिनं मला विचारलं, "ताई, यांनी खरंच केलं असेल का हो? मी तर आत्ता आत्ता या घरात आले. तुम्ही वाढवलंय त्यांना."

मी म्हटलं, मला माहीत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती निघून गेल्यावर मला माझीच लाज वाटली. तुला अंघोळ घालण्यापासून तुझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज लिहिण्यापर्यंत सगळं मी केलं, आणि तू चोर आहेस की नाही हे मला छातीठोकपणे सांगता येऊ नये.

खरं सांगू का? माझ्यात दोन बायका भांडत आहेत. एक म्हणते, याला पुराव्याचा कंटाळा आहे, 'कुणी लिहिलंय, कुठे लिहिलंय' विचारलं की हा तोंड फिरवतो. आपलं भांडण झालं तेही यावरूनच. तुझी पानंच्या पानं मी लाल शाईनं खोडली आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास की माझ्या कोशात शब्द नसतात, शब्दांची मढी असतात. मला ते अजून टोचतं. ही बाई म्हणते, उचललं असेल यानंच. दुसरी बाई गप्प असते, पण तिनं अजून सहीसाठी पेन हातात घेतलेलं नाही.

घरी येऊन मी तुझं पान पुन्हा वाचलं. शेजारी कोश उघडून, एकेक शब्द लावून. आचारी तोच, पातेलं तेच, वादळ तेच. मग ही ओळ आली. 'खलाशी पातेल्याकडे बघत बसायचे, आता पडतं की मग पडतं.'

हे कोशात नाही, बारक्या. कोशात मी लिहिलंय 'पातेले कलंडण्याच्या भीतीने'. 'आता पडतं की मग पडतं' हे आईचं. ती ते म्हणताना पातेल्यासारखी डुलायची, आणि मी हसले रे हसले की मला दाराबाहेर काढायची. तू त्याच खोलीत खाटेवर अर्धवट झोपेत असायचास. मी स्वयंपाकघरात उभी राहून ती ओळ मोठ्यानं वाचली आणि मला रडू कोसळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तिचा आवाज फक्त माझ्यापाशी उरला आहे.

तुला आठवतंय. कदाचित तुला आठवतंय हेच तुला ठाऊक नसेल, पण आठवतंय. मला एक शब्द लिहून पाठव. 'हो', एवढाच.

ताई

१८ फेब्रुवारी

बारक्या,

अजून तुझं काहीच नाही. तू मूग गिळून बसला आहेस, आणि इकडे माझा जीव टांगणीला लागलाय. सकाळी उठल्यापासून पोटात गोळा. तो इंग्रजी शब्द मी इतकी वर्षं नुसता छापत होते, आता भोगते आहे.

आज मालक स्वतः माझ्या टेबलापाशी आले, हे कधी होत नाही. खुर्ची ओढून बसले आणि माझ्या चष्म्याचं घर हातात घेऊन उघडमीट करत राहिले. सही करा, म्हणाले, मी तुमच्या भावाकडून चार ओळींची माफी घेतो आणि विषय मिटवतो. त्याला आयुष्यातून उठवायची माझी इच्छा नाही. पण सही नाही केलीत तर पाहुण्याची गोष्ट चव्हाट्यावर येईल. लोक म्हणतील, हे मुद्दाम खोटं छापतात. उद्या शाळेतलं पोर कोश उघडताना विचारील, यातलं कोणतं खरं? मग तुम्ही या खुर्चीत बसा नाहीतर मी बसू, काय फरक पडणार?

मला त्यांच्याशी भांडताही येईना, कारण ते चुकीचं बोलत नव्हते. हा माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. बाबा गेल्यावर तुझं शिक्षण सुरू होतं तेव्हा यांनीच मला घरी काम न्यायची मुभा दिली होती, हे तुला कधी सांगितलं नाही.

मी त्यांना म्हटलं, विचार करते. ते उठले, चष्म्याचं घर जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही विचार करता म्हणालात तिथेच मला भीती वाटली."

दिवसभर काम होईना. समोर 'रायव्हल' या शब्दाची नोंद लिहायला होती, नव्या आवृत्तीसाठी. मूळ लॅटिन, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे शेजारी. तू असतास तर यावर दोन पानं लिहिली असतीस, ओढा, बांध, भांडण, सगळं रंगवून. मी दोन ओळी लिहिल्या आणि मला त्या दोन ओळींचा कंटाळा आला. असं या कामात मला पहिल्यांदाच झालं.

मी ठरवलं आहे. बावीसला त्या निवेदनावर सही करणार नाही. त्या जागी मी माझं निवेदन देईन, की गोष्ट आईची आहे आणि माझ्या भावानं ती आईकडून ऐकली आहे. तुझा 'हो' माझ्याजवळ नाही. 'आता पडतं की मग पडतं' ही तुझी ओळ तेवढी आहे. पुराव्याशिवाय एक अक्षर न छापणारी मी, आज एका ओळीवर सगळं लावते आहे. यात काही चुकत असेल तर बावीसच्या आत सांग. अजून वेळ आहे.

ताई

२३ फेब्रुवारी

बारक्या,

तू समोरच होतास, तेव्हा काल काय झालं ते तुला सांगायला नको. तरी लिहिते, कारण मी बोलत होते तेव्हा तू टेबलाकडे बघत होतास.

मध्यस्थांना सर्दी झाली होती, ते तुझ्या लक्षात आलं का? प्रत्येक वाक्यानंतर रुमाल काढायचे. मी निवेदनावर सही करत नाही म्हटल्यावर वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं, तो आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. मग मी आईचं सांगितलं. परीक्षेच्या सकाळी, पोट धरून बसणं, पातेलं, डुलणं. परक्या माणसांसमोर मी डुलून दाखवलं, बारक्या, या वयात. तुझी ओळ आणि कोशातली ओळ शेजारी ठेवून वाचल्या. माझ्या अक्षरात लिहून आणलेलं निवेदन पुढे सरकवलं आणि त्यावर सही केली.

मध्यस्थांनी तुला विचारलं, "आईकडून ऐकली होतीत का ही गोष्ट?"

तू "हो" म्हणालास. इतकं हळू की त्यांनी पुन्हा विचारलं आणि तू पुन्हा म्हणालास. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. त्यानंतर कोण काय बोललं ते मी नीट ऐकलंच नाही.

तुम्ही खाली गेल्यावर मालक माझ्यापाशी थांबले. "बाई, आज भाऊ वाचला. कोशाचं काय करायचं ते आता तुम्हीच सांगा," म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. आज सकाळी मी टेबल आवरलं. चष्मा, शाल, लाल पेनं, आईचा जुना इंग्रजी कोश. जिन्यात शिपायानं पिशवी घेतली आणि खालपर्यंत पोचवली.

मला पश्चात्ताप नाही. उद्या काय करायचं ते माहीत नाही, पण गोळा गेला आहे. फक्त एक वाटलं. मी बाहेर आले तेव्हा तू रस्ता ओलांडत होतास. मी हाक मारली. तू ऐकलीस, कारण तुझे खांदे थांबले, आणि तरी तू पुढे गेलास. मागे वळून बघितलं असतंस तर बरं वाटलं असतं.

ताई

२८ फेब्रुवारी

बारक्या,

काल तू आलास, आणि तू होतास तोवर मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर काय बोलले असते ते मलाच माहीत नाही. म्हणून हे पत्र. हे नीट वाच, कारण यानंतर मी या विषयावर लिहिणार नाही.

तू स्वयंपाकघरात, भिंतीला लागून असलेल्या स्टुलावर बसलास, चहा घेतला नाहीस, आणि म्हणालास, "ताई, मला आईचं काहीच आठवत नाही. चेहरा फोटोतला आठवतो. आवाज नाहीच. ती गोष्ट मी तुझ्या कोशातूनच घेतली."

मग तू म्हणालास, कोश तपासताना ती वाचली होतीस, आणि अख्ख्या कोशात तेवढ्या एकाच नोंदीत तुला जिवंत माणसं दिसली. ती खरी आहे असंच तुला वाटलं होतं, कारण माझ्या कोशात खोटं असेल हे तुझ्या स्वप्नातही आलं नसतं. आई ती सांगायची, हे तुला माझ्या पत्रातून कळलं.

आणि ती ओळ? मी तोंडानं विचारलं नाही, पण तुला कळलं. तू म्हणालास, "आता पडतं की मग पडतं, हे तू म्हणतेस, ताई. फळीवर डबे रचून ठेवलेस की. भिंतीवर फोटो तिरका लागला की. मी लहानपणापासून ऐकतोय."

मी असं म्हणते हे मला माहीत नव्हतं.

शेवटी तू म्हणालास की मध्यस्थांसमोर 'नाही' म्हणायलाच आला होतास. मग मी डुलून दाखवलं, आणि तुला वाटलं की 'हो' म्हटलं तर ते खरं होईल, तुलाही आई थोडी मिळेल. एवढं बोलून तू उठलास. दारात थांबलास. मी दार लावून घेतलं.

तू गेल्यावर मला इतका राग आला की मी हातातला कप आपटला. तो फुटला नाही, म्हणून अजून राग आला. मी खुर्ची सोडली, मालकांचा विश्वास मोडला, सर्दी झालेल्या परक्या माणसापुढे नाचले, आणि तू खाली मान घालून 'हो' म्हणालास. पत्रामागून पत्र लिहून विचारत होते तुला. एक 'नाही' लिहायला काय झालं होतं? माझ्या सहीखाली आज एक खोटं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाता खोडत बसले, आणि माझ्या स्वतःच्या अक्षरात ही एक राहिली. निवेदनातली आईची गोष्ट खरी आहे. तू ती तिच्याकडून ऐकलीस हे खोटं आहे, आणि ते मी पुराव्याविना लिहिलं. तेवढी चूक माझी. बाकीची तुझी.

मी आज मालकांकडे जाऊन सगळं सांगू शकते. पण ते मी करणार नाही. तू करशील.

सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या वेळेला ये. मी खाली कुलपांच्या दुकानापाशी उभी असेन. वर तू एकट्यानं जायचं. केबिनचं दार वाजवायचं आणि मला जे सांगितलंस तेच त्यांना सांगायचं. कोशातून घेतली म्हणायचं, मध्यस्थांपुढे खोटं बोललो म्हणायचं, मुद्दाम 'चोरी' हा शब्द टाळायचा नाही. त्यांचा आवाज खाली गेला तर पुढे वाकून ऐकायचं. 'हो' म्हणालास त्याचं कारण त्यांना सांगू नकोस. ते त्यांच्यासाठी नाही.

तुझं काय होईल ते मला माहीत नाही. पुस्तक कदाचित वाचेल, ते एक पान काढून. 'मसल' तुझं आहे, 'डेडलाइन'ची रेघ तुझी आहे, ती बसमधली बाई तुझी आहे. ते कुणी काढून घेऊ शकत नाही. कदाचित सगळंच जाईल. माझी खुर्ची परत मिळणार नाही आणि ती मागायला तू जातही नाहीस, हे डोक्यात पक्कं ठेव. तू जाणार आहेस ते माझी सही पुसायला.

तू जाशील की नाही याची मला खात्री नाही. असती तर हे इतकं लांब लिहिलं नसतं.

पण खाली आलास, की दुकानासमोर बाक आहे, तिथे बसू. मी तुझ्यावर रागावलेलीच असेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. आईबद्दल तुला हवं ते विचार. ती कशी हसायची, कशावर चिडायची, तुला काय म्हणून हाक मारायची. घाई नाही. मला सगळं आठवतं.

ताई